भिंतीवरची रुई

भिंतीचं काय करायचं, हे मी मुलांना शिकवते. बुलढाण्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात, गेली चौदा वर्षं. विषयाचं नाव लांबलचक आहे. मुलं त्याला नुसतं 'फ्लुइड' म्हणतात आणि बहुतेकांना तो आवडत नाही. मला एके काळी फार आवडायचा. आता पोटासाठी शिकवते, बरं शिकवते असं म्हणतात, आणि दर वर्षी भिंतीचा धडा आला की दोन दिवस माझं डोकं फिरलेलं असतं. त्या दोन दिवसांत मी मुलांवर उगीच ओरडते. त्यांना कारण कळत नाही आणि ते वर्गात सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

हवा कशी वाहते हे कॉम्प्युटरवर काढायचं तर आधी सगळी जागा बारीक घरांत तोडावी लागते. मग प्रत्येक घर शेजारच्या घराला विचारतं, तुझ्याकडे वारा किती, दाब किती, आणि त्यावरून आपला आकडा ठरवतं. अशी लाखो घरं एकमेकांना विचारत बसतात आणि शेवटी एक उत्तर निघतं. अडचण येते ती भिंतीपाशी. भिंतीला लागून असलेल्या घराला एका बाजूला शेजारीच नसतो. त्यानं कुणाला विचारायचं? तिथे गणित गप्प बसतं आणि माणसाला सांगावं लागतं की इथे भिंत आहे आणि ती अशी अशी वागते.

सांगायच्या रीती पुष्कळ आहेत. पहिली आणि सगळ्यांत जुनी ही, की भिंतीला टेकलेली हवा हलतच नाही. मुलांना ते पटत नाही. मग मी वर्गातला पंखा बंद करायला लावते आणि पात्यावरचा धुळीचा थर दाखवते. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसते कशी? तर पात्याला टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते, पात्याच्या लेखी ती उभीच असते. इथे मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणतो की मॅडम, पंखा पुसला नाही म्हणून धूळ आहे. दर वर्षी एक असतोच.

हे सूत्रात बसवायला भिंतीपलीकडे एक खोटं घर मांडतात. खऱ्या घरात वारा उजवीकडे असेल तर खोट्या घरात तेवढाच डावीकडे लिहायचा, म्हणजे दोन्हींच्या मध्ये, बरोबर भिंतीवर, शून्य येतो. भिंतीजवळचा थर फार पातळ असला आणि तेवढी बारीक घरं करणं परवडत नसलं, तर तिथे एक ठरावीक सूत्र घालून वेळ मारून नेतात. कुठे भिंत नुसती निसरडी मानतात, हवा तिच्यावरून घसरून जाते असं धरतात. प्रत्येक रीत कुठे ना कुठे बरोबर असते. शेवटी मी सांगते की भिंत चुकीची सांगितलीत तर कॉम्प्युटर तुम्हाला अडवणार नाही. तो उत्तर देईल, रंगीत देईल आणि ते फार छान दिसेल. मुलं हे वहीत उतरवून घेतात.

माझी आई खामगावला जिनात कामाला होती. कपाशीचा कापूस यंत्रात घालायचा, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि तिच्या गाठी बांधतात, त्या कारखान्याला आमच्याकडे जिनिंग नाहीतर नुसतं जीन म्हणतात. यंत्रांच्या पुढ्यात एक लांबलचक ओटा असायचा. त्यावर बायका रांगेनं उभ्या राहून कापसातली कवडी, म्हणजे किडका नि डागी कापूस, वेचून टाकायच्या आणि चांगला यंत्राला घालायच्या. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं ते होळी उलटेपर्यंत. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरी आम्ही दोघीच.

शनिवारी शाळा सकाळची असायची, तेव्हा दुपारी मी तिचा डबा घेऊन जायची. पत्र्यातल्या फटीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाची बारीक लव तरंगताना दिसायची, पण आईच्या अंगावर फारशी रुई नसायची. केस काळेभोर, तेल लावून चापून बसवलेले. संध्याकाळी घरी यायची ती मात्र म्हातारी होऊन. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा लव. मी फणी घेऊन तिच्या मागे बसायची आणि एकेक पुंजका चिमटीनं काढायची. त्या रुईची मी बाहुलीला गादी केली होती, उशी केली होती. दुपारी काळी आणि संध्याकाळी पांढरी, हे मी वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांनी बघत होते. असं का, हे मात्र कधी विचारलं नाही. लहानपणी आई जशी दिसते तशीच असते.

पुढे आईनं मला शिकवलं. मी पुण्याला गेले, तिथे 'मले' म्हटलं की मुली हसायच्या, म्हणून 'मला' म्हणायला शिकले. त्याबरोबर बाकीही पुष्कळ शिकले. परत आले ते बुलढाण्याला नोकरी धरून. खोली बुलढाण्याला आणि शनिवार-रविवार बोथ्याच्या घाटातून एस.टी.नं खामगावला आईकडे, असा क्रम लागला. शनिवारी कॉलेज उरकून मी पोचायची तोवर रात्र झालेली असायची, आई केस धुऊन बसलेली. तिला काम सोड म्हणून मी सांगून पाहिलं. ती म्हणायची की घरी भिंतीकडे पाहत बसू काय. ओट्यावरच्या बायकांत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांची भांडणं, त्यांच्या लेकींची लग्नं, सगळं त्या ओट्यावर व्हायचं.

मग तिची छाती भरायला लागली. गंमत अशी की रविवारी सुटी घेऊन सोमवारी कामावर गेली की जास्त भरायची, आणि आठवड्याच्या शेवटी थोडी मोकळी व्हायची. ती म्हणायची, सोमवारच वाईट. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कुठे काम करता ते विचारलं आणि म्हणाले की कापसाची धूळ आहे ही, ते काम सोडा, अजून वेळ गेलेली नाही. अजून वेळ गेलेली नाही, हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. दवाखान्यातून बाहेर पडताना आई म्हणाली की एवढा हंगाम उरकते आणि पुढच्या दिवाळीपासून जात नाही. तिनं ते मनापासून ठरवलं होतं. ती ठरवलेलं मोडणारी बाई नव्हती. मोडायला लावलं ते मी.

झालं असं, की त्याच हंगामात जिनाचे शेठ आमच्या कॉलेजात आले. त्यांना हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे बसवायचे होते आणि ते कुठे बसवावेत हे कॉम्प्युटरवर काढून हवं होतं. प्राचार्यांनी काम माझ्याकडे दिलं. मी शेठना सांगितलं की माझी आई तुमच्याच ओट्यावर आहे. त्यांना ती नावानं माहीत होती, तिच्या हाताची त्यांनी तारीफही केली. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. ज्या कापसानं आईची छाती धरली त्याचाच बंदोबस्त मी माझ्या विद्येनं करणार होते. माझ्या शिक्षणाचं याहून चांगलं चीज काय व्हायचं होतं?

मोजमाप करायला मी चार वेळा गेले. हवेतली धूळ मोजायचं यंत्र कॉलेजचं, आणि ते त्याच दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत जमा करायचं असा नियम होता. म्हणून मी सकाळच्या गाडीनं निघायची, अकरा वाजता जिनात पोचायची, दुपारी अडीचपर्यंत आकडे घ्यायची आणि तीनची गाडी धरून परत. चारही वेळा. आई ओट्यावरून बघायची आणि बाकीच्या बायकांना काहीतरी सांगायची. मग त्या सगळ्या माझ्याकडे बघायच्या.

उन्हाळाभर मी ते गणित करत होते. हवेचं जमलं. जिनाच्या चार भिंती, पत्र्याचं छप्पर, यंत्रं, ओटा, सगळं घराघरांत तोडलं. भिंतीला टेकलेली हवा थांबलेली, जवळच्या थराला सूत्र, कुठे काही अडलं नाही. मग त्या हवेत रुईचे कण सोडले. आता प्रत्येक कण कधी ना कधी भिंतीला लागणार, आणि लागला की त्याचं काय करायचं हे पुन्हा मीच सांगायचं. तीन पर्याय असतात. कण भिंतीवरून उसळून परत येतो, कण भिंतीला चिकटून बसतो, नाहीतर कण पार बाहेर निघून जातो. पहिला पर्याय घातला तर कण उसळत राहिले, कॉम्प्युटर तीन-तीन दिवस चालत राहिला आणि आकडे काही स्थिर होईनात. मी वैतागले. दुसरा घातला, चिकटतो, आणि दुपारपर्यंत उत्तर हातात. मी मोजलेल्या आकड्यांशी ते इतकं जुळलं की मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली.

आणि खोटं काय होतं त्यात? जिनाच्या भिंती पांढऱ्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. बोटभर जाडीची रुई बसलेली असते तिथे. चिकटलेली होतीच की.

अहवालात लिहिलं की पंखे पश्चिमेच्या भिंतीत वर बसवावेत, पूर्वेच्या भिंतीत खाली झरोके ठेवावेत, म्हणजे हवा ओट्यावरून जाऊन पंख्यांतून बाहेर पडेल. मोठी दारं उघडी राहिली तर पंखे जवळच्या दाराचीच हवा ओढतात आणि मधली तशीच राहते. म्हणून पंखे चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात, ही सूचना मी जाड अक्षरांत दिली. शेठनी सगळं जसंच्या तसं केलं. कॉलेजच्या अहवालाप्रमाणे इतकं काटेकोर वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नवरात्रात मी घरी गेले तेव्हा लॅपटॉप बरोबर नेला होता. आई परातीत ज्वारी निवडत बसली होती. मी तिला आधीचं चित्र दाखवलं, ओट्याभोवती तांबडं आणि पिवळं, आणि मग पंख्यांनंतरचं, सगळं निळं. निळं म्हणजे स्वच्छ, हे मी तिला समजावलं. तिनं हात पदराला पुसले आणि बराच वेळ बघितलं. मग पडद्यावरच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाली,

"अन् भिंतीवरची रुई?"

"थे तिथीच राह्यते, आई. चिकटली की परत येत नाही."

"हाव काय," ती म्हणाली आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. थोड्या वेळानं तिनं परातीतून मान वर न करता विचारलं, की मग यंदा गेलं तर चालेल का. तिला जायचं होतं हे मला दिसत होतं. दिवाळी जवळ आली तशी ती कशी हिरमुसत चालली होती, ओट्यावरच्या बायका निरोप कसे पाठवत होत्या, हे मला माहीत होतं. शिवाय ते निळं चित्र माझं होतं. त्यावर माझाच विश्वास नसेल तर कुणाचा असणार?

"जाय," मी म्हटलं. "आता काही होत नाही तुले."

डॉक्टरांनी सोडा म्हटलेलं काम तिनं माझ्या सांगण्यावरून पुन्हा धरलं. तिच्या आयुष्यात तिनं डॉक्टरपेक्षा मला मोठं मानलं ते त्या एकदाच.

सुरुवातीचे दोन महिने सगळं गोड होतं. दुपारी हवा किती थंड लागते, पहिल्यासारखी नाकात रुई जात नाही, असं ती सांगायची आणि मी ते कॉलेजात सांगायची. प्राचार्यांनी माझी चित्रं मोठी छापून दालनात लावली. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण निळा रंग त्यांना फार आवडला.

संक्रांतीला गेले तेव्हा आई उशीला टेकून बसल्या-बसल्या झोपत होती. आडवं झालं की दम लागतो म्हणाली. मी थंडीला बोल लावला. पुढच्या शनिवारी शेजारच्या चुलीच्या धुराला लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी मी तिच्यावरच चिडले, की तू डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेत नसशील. एकदाही माझ्या मनात आलं नाही की चित्र चुकलं असेल. दुसऱ्याच्या चुका मला लांबून दिसतात, आणि माझ्याबाबतीत दिव्याखाली अंधार.

फेब्रुवारीत एका परीक्षेसाठी कॉलेजच्या खोल्या दिल्या होत्या, म्हणून मधल्या वारी सुटी मिळाली. म्हटलं आज आईला जिनातूनच घेऊन घरी जाऊ. पाच वाजत आले होते. मोठं दार बंद होतं आणि त्यावर प्लॅस्टिकमध्ये घालून एक कागद चिकटवला होता. पंखे चालू असताना दारे उघडू नयेत. खाली आमच्या कॉलेजचं नाव. माझंच जाड अक्षर, फक्त आणखी मोठं केलेलं.

मी बाजूच्या छोट्या दारानं आत गेले. ओट्यावरच्या बायकांनी नाकातोंडाला पदर बांधले होते. त्यांतल्या काहींच्या हातात लांब बांबू, आणि बांबूच्या टोकाला झाडू. मुकादम दारापाशी उभा होता. काय चाललंय म्हणून मी विचारलं. तो म्हणाला की भिंती उतरवतात, दिवसभराची रुई भिंतीवर राहिली आणि ठिणगी पडली तर जीन पेटेल, म्हणून रोज सुटायच्या आधी भिंती उतरवायच्याच, त्याच्या आजापासून चालत आलंय. दार का उघडत नाही, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे जरा चमत्कारिक बघितलं.

"पयले उघडत होतो, मशिनीबी बंद ठेवत होतो," तो म्हणाला. "आता पंखे हायेत ना, मॅडम. तुमचाच कागद हाय."

माझी आई पूर्वेच्या भिंतीशी उभी होती. भिंत उतरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतर बायका झाडूनं ओरबाडायच्या आणि रुईचे तुकडे उडायचे. आई बांबू वरच्या कडेला अलगद घालायची आणि हळू खाली आणायची, तसा दिवसभराचा थर पांघरुणासारखा एका तुकड्यात सुटून यायचा. खाली पडला की फुटायचा. त्यातून जो पांढरा लोट उठायचा तो दारं बंद म्हणून बाहेर जात नव्हता. तो झरोक्यांच्या हवेवर चढायचा, ओट्यावरून, बायकांच्या डोक्यांमधून, सगळं जीन ओलांडून पश्चिमेच्या पंख्यांकडे जायचा. मी काढली होती बरोबर त्या वाटेनं. वारा माझ्या गणिताप्रमाणे तंतोतंत वाहत होता. अर्धा तास ते चाललं. आई त्या वाटेच्या अगदी तोंडाशी होती.

काम संपलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि हसली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवर लव.

दुपारी काळी आणि संध्याकाळी पांढरी. भिंतीवरची रुई कुठे जाते हे शोधायला मी परदेशातल्या लोकांचे लेख वाचले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अकरा ते अडीच मी आकडे घेत होते, भिंती निमूटपणे रुई धरत होत्या त्या वेळेत, आणि माझे आकडे माझ्या चुकीशी जुळत होते. मी यंत्र जमा करायला तीनच्या गाडीत बसायची आणि पाच वाजता भिंती उतरायच्या. लहानपणी माझ्या चिमटीत येत होतं ते मी शिकून विसरले होते. त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली की आईचा हात धरायलाही मी पुढे झाले नाही. ती आपली आपण चालत घरी आली, तीन ठिकाणी थांबत. मी मागून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, त्याच दिवशी कागद काढला, आणि भिंती उतरवताना यंत्रं नि पंखे बंद, दारं सताड उघडी, झाडणाऱ्या सोडून बाकीच्या बायका बाहेर, असं पुन्हा सुरू केलं. पुढच्या हंगामाला झाडणाऱ्यांसाठी चांगले मास्कही आणले. ओट्यावरच्या बायकांचं त्यानंतर बरं चाललं आहे. मुकादम भेटला की सांगतो. मला ऐकून बरं वाटायला पाहिजे, आणि मी तसा चेहरा करते.

आईचं काम त्याच दिवशी सुटलं. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, फोटो काढला आणि या वेळी वेळेबद्दल काही बोलले नाहीत. फुप्फुसाचं जेवढं गेलं तेवढं परत येत नाही, उरलेलं जपा, एवढंच म्हणाले. आता तिला न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये एक खुर्ची ठेवावी लागते. मी बदलीसारखं काही मागू शकत नाही, खाजगी कॉलेज आहे. म्हणून तिथली खोली सोडली आणि रोज खामगाव ते बुलढाणा जाऊन येऊन करते. घाटात वळणं आली की डोळे मिटून घेते.

ते गणित मी पुन्हा केलं. कुणी सांगितलं नव्हतं, अहवाल केव्हाच बासनात गेला होता. या वेळी भिंत नीट सांगितली. दिवसभर चिकटतो, आणि पाच वाजता सगळा सुटतो. असा पर्याय तयार मिळत नाही, तो स्वतः लिहावा लागतो, म्हणून महिनाभर लागला. सुटणारा थर वरून खाली येताना किती फुटतो हे मी आईलाच विचारलं. ओरबाडलं तर किती, हळू उतरवलं तर किती, हे तिनं हातानं करून दाखवलं, दोनदा थांबून, श्वास घेऊन. कुठल्याही लेखात ते मिळालं नसतं.

उत्तर आलं त्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप तिच्या पलंगावर ठेवला. सगळं जीन पिवळं होतं आणि पूर्वेच्या भिंतीपाशी एक तांबडा डाग. तिनं चष्मा मागितला. बघितलं. मग त्या तांबड्या डागावर बोट टेकवलं, अगदी मध्यावर, आणि म्हणाली की इथीच मी उभी राहत होती.

मला रडू फुटलं. मी तिला विचारलं, की नवरात्रात मी ते निळं चित्र दाखवलं तेव्हा तू बोलली का नाहीस? रोज भिंती उतरवतो आम्ही, एवढं एक वाक्य तू का बोलली नाहीस? मी हे रागानं विचारलं. आजारी माणसावर, माझ्याच चुकीसाठी.

तिनं दम घेतला.

"इचारलं तर होतं मी, भिंतीवरची रुई म्हनून," ती म्हणाली. "तू म्हनली परत येत नाही. मले वाटलं, काही नवीन निघालं असन." मग पुन्हा थोडं थांबली. "अन् माह्या केसातली रुई तूच तं काढत होती. तुले माहीत नसन, असं मले कसं वाटन?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. मी लॅपटॉप बंद केला. फणी घेतली आणि लहानपणी बसायची तशी तिच्या मागे जाऊन बसले. केस सोडले. ते आता मुळापासूनच पांढरे झाले होते. मी फणी फिरवत राहिले, पण त्यात काढण्यासारखं काही नव्हतं.